माझी आई पाळीवरून काहून जात नाही

मोहाडीच्या शाळेत मी मराठी शिकवायला लागले तेव्हा सत्तरचं दशक सरत आलं होतं. माझं माहेर संगमनेरकडचं. यजमानांची बदली भंडाऱ्याच्या एका सरकारी कचेरीत झाली, मला मोहाडीला नोकरी मिळाली, म्हणून आम्ही मोहाडीलाच बिऱ्हाड केलं आणि ते रोज एसटीनं ये-जा करू लागले. पहिलं वर्ष माझं तिथलं बोलणं समजून घेण्यातच गेलं. मुलं 'मला'ला 'मले' म्हणायची, 'का'ला 'काहून' म्हणायची, आणि मी काही विचारलं की माझ्या बोलण्याची आपसात नक्कल करून हसायची. एकदा बोलायला लागली की थांबायची नाहीत. पण लिहायला सांगितलं की तीच मुलं कोणी वेगळीच होऊन जायची.

एका सहामाहीला 'माझा आवडता ऋतू' हा निबंध घातला होता. गठ्ठा घरी आणून तपासायला बसले तर जवळपास सगळ्यांचा आवडता ऋतू वसंत निघाला. सगळ्यांच्या वसंतात कोकिळा होती, आम्रमंजिरी होती, आणि मंद सुगंधित वारा वाहत होता. वाक्यं एकाच गाइडातली. ही मुलं चैत्रात पहाटे उठून मोहाची फुलं वेचायला जातात हे मला ठाऊक होतं, कारण वर्गात त्यांच्या दप्तरांना त्या फुलांचा वास यायचा. पण एकाही वहीत मोह नव्हता. मला राग आला नाही, नवल वाटलं. गुण नसते, परीक्षा नसती, तर ही मुलं काय लिहितील? हे मला खरोखरच माहीत नव्हतं आणि ते कळून घ्यावंसं वाटायला लागलं.

त्यातून उन्हाळ्याच्या सुट्टीतला लेखनवर्ग निघाला. मुख्याध्यापक निवृत्तीला आलेले, सरळ गृहस्थ होते. मे महिन्यात कोणी आपणहून शाळेत येईल यावर त्यांचा विश्वास नव्हता. तरी त्यांनी पूर्वेकडची एक खोली दिली. शिपाई मिळणार नाही, झाडलोट तुमची तुम्ही करा आणि ऊन तापायच्या आत कुलूप लावा, एवढंच त्यांनी सांगितलं.

मुलं आली, पण थोडी. काहींना घरी करमत नव्हतं, काहींना अक्षर सुधारेल म्हणून वडिलांनी पाठवलं होतं. एकानं पहिल्याच दिवशी, इथे खायला मिळते का, असं विचारलं आणि नाही म्हटल्यावरही तो बसून राहिला. सकाळी उजाडल्यावर लगेच आम्ही सुरू करायचो, म्हणजे उन्हाच्या झळा सुरू व्हायच्या आत मुलं घरी पोचत.

पहिले काही दिवस फुकट गेले. मी विषय द्यायची, मुलं लिहायची, आणि लिहिलेलं पुन्हा गाइडासारखंच व्हायचं. मग माझ्या लक्षात आलं की विषय दिला की मुलांना परीक्षेचाच वास येतो. म्हणून मी विषय देणं बंद केलं. त्यांना सांगितलं, उद्या येताना प्रत्येकानं एक प्रश्न घेऊन या. अट अशी की उत्तर तुम्हाला माहीत नसावं, ते पुस्तकात सापडणारं नसावं, आणि तुमच्या घरात किंवा गावात कोणाला तरी ते माहीत असावं. त्या माणसाला जाऊन विचारायचं आणि तो काय म्हणाला ते लिहायचं. त्याचं बोलणं तो जसं बोलला तसंच लिहायचं, शुद्ध करायचं नाही.

हे शेवटचं मुलांना पटेना. 'मले' असं कागदावर लिहिलं तर तुम्हीच लाल शाईनं खोडता, असं एक मुलगा म्हणाला. मी म्हटलं, शाळेत खोडेन, इथे नाही.

दुसऱ्या दिवशी प्रश्न आले. एका मुलाचे वडील वरठीच्या स्टेशनावर कामाला होते. त्याला हे हवं होतं, की मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकटाच बसलेला गार्ड दिवसभर कसला विचार करतो. एका मुलीला, तिचे काका कडाक्याच्या थंडीतही अंगणातच का झोपतात, हे विचारायचं होतं. मी ऐकत राहिले. रोज ज्यांना शिकवते त्या मुलांच्या डोक्यात हे फिरत असतं याचा मला पत्ताही नव्हता.

सगळ्यांत शेवटी एक मुलगी उभी राहिली. ती नववीत जाणार होती. मोहाडीपासून दोन-तीन मैलांवरच्या खेड्यातून मैत्रिणींबरोबर चालत यायची. अक्षर मोत्यासारखं, आणि गाइडातला वसंत सगळ्या शाळेत तिचाच सगळ्यांत बिनचूक. तिनं खाली बघत आपला प्रश्न वाचला: "माझी आई पाळीवरून काहून जात नाही?"

पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध. त्या बाजूला बोलताना तिला पार म्हणतात. मुलीच्या गावाला मोठा तलाव होता आणि तलावाखाली गावाची धानाची, म्हणजे भाताची शेती. गावातून शेताकडे जायची सरळ वाट पाळीवरून होती. सगळ्या बाया डोक्यावर शिदोरी घेऊन त्याच वाटेनं जायच्या. हिची आई मात्र तलावाला वळसा घालून, शेतांच्या धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, दुप्पट चालून जायची. रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत धुरे निसरडे होतात, चिखलात पाय रुततो, तरी ती तिकडूनच जायची. घरातल्या सगळ्यांना हे दिसत होतं आणि कोणी त्यावर अवाक्षर काढत नव्हतं. मुलीला कळायला लागल्यापासून हे असंच होतं.

वर्गात लगेच उत्तरं सुरू झाली. पाळीवर भूत असेल, एकदा साप निघाला असेल, कोणी बुडालं असेल. मी सांगितलं, तर्क नको, आईलाच विचार.

तिनं विचारलं. आई म्हणाली, तुला काय करायचंय त्याच्याशी. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं तर आईनं ऐकू न आल्यासारखं केलं. तोवर बाकीच्यांची उत्तरं येऊ लागली होती. वरठीच्या मुलानं गार्डाला गाठलं होतं. गार्डानं सांगितलं, की तो बहुतेक वेळ आज रात्री काय रांधायचं याचा विचार करतो, कारण तो एकटा राहतो आणि त्याला भाजी करायचा कंटाळा आहे. मुलाला हे उत्तर सुरुवातीला फार साधं वाटलं. मग त्यानं ते लिहिलं, वाचून दाखवलं, आणि वर्ग किती तरी वेळ त्या गार्डाच्या भाजीवर बोलत राहिला. मी त्याला विचारलं, तो तुझ्याशी इतकं बोलला कसा? तर मुलानं सांगितलं, की त्यानं आधी गार्डाच्या डब्यात काय आहे ते विचारलं होतं, विचार-बिचार नंतर.

ती मुलगी हे सगळं ऐकत होती. तिच्यापाशी काहीच जमलं नव्हतं. मी म्हटलं, दुसरा प्रश्न घे. तिनं मान हलवली. "मले हेच पायजे," एवढंच म्हणाली.

त्यानंतर काही दिवस ती आलीच नाही. मला वाटलं, घरून ओरडा बसला असेल. पण ते तेंदूच्या पानांचे दिवस होते. विड्यांसाठी लागणारी ही पानं तोडायला घरोघरच्या बाया पहाटेच जंगलात जातात आणि दुपारी सावलीत बसून त्यांचे पुडे बांधतात. मुलगी आईबरोबर त्या कामाला गेली होती. पुडे बांधता बांधता तिनं पाळीबद्दल चकार शब्द काढला नाही. तिनं आईला विचारलं, तुझ्या गावचा तलाव केवढा होता?

आईचं माहेर पवनी तालुक्यात, आसगावच्या बाजूला. तिथेही धानाची शेती आणि तलाव. आई सांगायला लागली. तलाव केवढा, त्यात कमळं किती, शिंगाडे कुठे लावायचे. बोलता बोलता ती सहज म्हणून गेली, "या पारीपासून त्या पारीपावेतो मी पोहून जात होती."

मुलीला आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं. तिच्या गावात एकही बाई पोहत नव्हती. तलावावर बाया धुणं धुवायच्या, गुडघाभर पाण्यात उभ्या राहून भांडी विसळायच्या, त्यापुढे नाही. आपल्या आईला पोहता येतं हे तिला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं.

मग बाकीचं हळूहळू बाहेर आलं. आई लग्न होऊन या गावात आली तेव्हा इथला तलाव पाहून तिला फार आनंद झाला होता. पहिल्याच पावसाळ्यानंतर, तलाव तुडुंब भरलेला असताना, एक दिवस धुणं झाल्यावर ती लुगड्याचा काष्टा घट्ट करून पाण्यात शिरली आणि मध्यापर्यंत जाऊन आली. काठावरच्या बाया बघतच राहिल्या. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट घरोघर झाली. रात्री जेवणं झाल्यावर सासऱ्यानं अंगणात उभं राहून तिला सांगितलं, तलावात उतरायचं नाही. तेव्हापासून ती तलावातच काय, तलावाच्या पाळीवरही कधी गेली नाही.

मुलीनं हे सगळं लिहून आणलं आणि वर्गात वाचलं. वाचून झाल्यावर मागे बसणारा एक मुलगा म्हणाला, हे खोटं आहे. बायका पोहत नाहीत. दुसऱ्यानं त्याला दुजोरा दिला. मुलगी लाल झाली. मलाही नक्की काय ते माहीत नव्हतं. आमच्याकडे प्रवरेच्या काठी मुलगे डुंबायचे. मुलींना पाण्यात जाताना मी पाहिलं नव्हतं. म्हणून मी तिला सांगितलं, आईला विचारून ये, पोहायला शिकली कशी.

दुसऱ्या दिवशी ती बरंच काही घेऊन आली. आईला थोरल्या भावानं शिकवलं होतं. वाळलेला भोपळा कमरेला बांधून तो तिला पाण्यात सोडायचा. एक दिवस त्यानं न सांगता भोपळ्याची दोरी सोडून दिली आणि ती बरंच अंतर गेल्यावर तिला कळलं की भोपळा मागेच राहिलाय. दमायला झालं की ती पाण्यातल्या म्हशीच्या पाठीला धरून राहायची. आणि कानात पाणी गेलं की काठावरचा उन्हानं तापलेला गोटा कानाला लावून एका पायावर उड्या मारायची, म्हणजे पाणी बाहेर येतं.

ज्या मुलानं खोटं म्हटलं होतं तो स्वतः पोहणारा होता.  तो म्हणाला, "गोट्याचं तं पोहणाऱ्यालेच मालूम राहते." त्यानंतर कोणी शंका काढली नाही. पण त्या दिवशी आमच्यात चर्चा चालली ती वेगळ्याच गोष्टीवर. आई पोहत होती, हे वाक्य वाचून कोणाचा विश्वास बसला नव्हता, आणि एका गोट्यानं तो बसला, हे कसं? मुलांना ते फार आवडलं. मग प्रत्येक जण आपल्या लिखाणात असा एक गोटा शोधायला लागला. पुढे कित्येक उन्हाळे तो आमच्या वर्गाचा शब्दच झाला. "याच्यात गोटा नाही," असं मुलं एकमेकांना सांगायची.

शाळा उघडायच्या आधी पालकांना बोलावून मुलांनी आपलं लिखाण वाचून दाखवावं, असं ठरलं. मुलीचं वाचायचं की नाही, हे मला ठरवता येईना. घरातली गोष्ट, त्यात सासऱ्याचं नाव येणार. म्हणून एका संध्याकाळी मी तिच्याबरोबर तिच्या गावाला गेले.

तिची आई अंगणात बियाण्याचं धान पाखडत बसली होती. उंच, सावळी, खांद्यांनी रुंद बाई. मला बसायला बाज दिली, पाणी आणि गुळाचा खडा दिला आणि पुन्हा सुपाशी बसली. मी येण्याचं कारण सांगितलं. ती म्हणाली, काय लिहिलंय ते आधी ऐकू तर द्या. मुलगी वाचू लागली. आईचं पाखडणं चालूच होतं. भोपळ्याच्या जागी ती किंचित हसली. मग मुलीनं पुढचं वाचलं: त्या रात्री आईला फार दुःख झालं, ती एकटीच कोपऱ्यात बसून रडली.

आईनं सूप खाली ठेवलं.

"मी रडली नाही," ती म्हणाली. "कोनं सांगितलं तुले मी रडली म्हणून?"

मुलगी म्हणाली, मला वाटलं रडली असशील.

"मले राग आला होता. राग लिहिजो."

मुलीनं तिथल्या तिथे पेन्सिलीनं दुःखाचं आणि रडण्याचं खोडून 'राग आला' असं लिहिलं. मग तिनं आईला विचारलं, राग आला होता तर पोहणं सोडलंस कशाला? आई म्हणाली, सोडलं नाही, नुसतं थांबवलंय. सासरा म्हणाला तलावात उतरू नको, तर मी म्हटलं, ठीक आहे, मी पाळीवरही पाय ठेवत नाही. बघू कोण थकतं ते. मला हवं होतं, सासऱ्यानं स्वतः येऊन म्हणावं, सूनबाई, इतका वळसा कशाला घालतेस, सरळ पाळीवरून जा. ते कधी म्हणालेच नाहीत, म्हणून मीही गेले नाही.

मी तिच्याकडे बघत राहिले. लिखाण ऐकताना माझ्याही मनात एक दुःखी बाईच तयार झाली होती. समोर बसलेली बाई दुःखी वगैरे नव्हती, ती पैज लावून बसली होती. आणि समोरच्याला पैज लागली आहे हे ठाऊक तरी होतं की नाही, कोण जाणे.

मी विचारलं, तुमचे सासरे त्या दिवशी आले तर? ती म्हणाली, ऐकू द्या, त्यांना कान आहेत.

ते आले. जूनच्या सुरुवातीची सकाळ होती. वर्गाच्या खोलीत माणसं मावेनात म्हणून आम्ही व्हरांड्यात सतरंज्या अंथरल्या. मुलीच्या घरची बैलगाडी आली. वडील हाकत होते, आजोबा पुढे बसले होते, आई आणि शेजारच्या दोन बाया मागे. आजोबा काठी टेकत आले आणि मुख्याध्यापकांच्या शेजारी खुर्चीवर बसले. बाया मागच्या भिंतीशी बसल्या.

आधी वरठीचा गार्ड झाला. लोक हसले. मग मुलगी उभी राहिली आणि तिनं न अडखळता सगळं वाचलं, राग आला होता इथपर्यंत. सासऱ्याला ती 'आमचे आजोबा' म्हणाली होती, तेव्हा कोणाबद्दल चाललंय यात काही संशय उरला नाही. तिचे वडील आपल्या चपलांकडे बघत होते. बायकोला राग आला होता, हे त्यांनाही आजच कळत होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून मला वाटलं. वाचून झाल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

आजोबा काठीवर भार देऊन उभे राहिले. आता हे रागावणार, असं मी धरून चालले. पण ते रागावलेले नव्हते. ते आठवत होते. त्यांनी नातीला विचारलं, हे तुला कोणी सांगितलं? ती म्हणाली, आईनं. मग ते लोकांकडे वळून सांगू लागले.

त्या वर्षी, ते म्हणाले, गावातला एक तरणाबांड माणूस शिंगाड्याच्या वेलांत पाय गुंतून तलावात बुडाला होता. चांगला पोहणारा होता. सूनबाई पाण्यात उतरल्याचं ऐकून त्यांना धडकी भरली. नवी मुलगी, तिला इथलं पाणी माहीत नाही, वेल कुठे आहेत माहीत नाही.

"म्हणून मी म्हणलो, यंदा तलावात नोको उतरू. यंदा म्हणलो होतो मी."

पुढच्या वर्षी वेल काढून तलाव साफ झाला. पण सून पाळीवरूनही जात नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांना वाटलं, त्या मेलेल्या माणसाचं ऐकून पोरीनं पाण्याची धास्ती घेतली. म्हणून त्यांनी घरात सगळ्यांना बजावून ठेवलं, की तिला त्यावरून कोणी काही बोलायचं नाही, हसायचं नाही, ती जिकडून जाते तिकडून जाऊ द्या.

मी मुलीकडे पाहिलं. घरात कोणी अवाक्षर काढत नव्हतं, ते यासाठी.

तेवढ्यात मागच्या भिंतीपासून आवाज आला. आवाज चढलेला नव्हता. सासऱ्यासमोर, तेही चारचौघांत, सुनेनं बोलावं असे ते दिवस नव्हते. सगळ्यांच्या माना मागे वळल्या.

"मामाजी, यंदा नव्हतं म्हणलं तुमी."

"म्हणलो होतो."

"नव्हतं."

  दोघंही खोटं बोलत नव्हती, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला दिसत होतं. एका म्हाताऱ्या बाईला हसू आवरेना, तिनं पदर तोंडाला लावला, आणि मग आजोबाही खाली बसता बसता थोडे हसले. सून हसली नाही.

मुलगी कागद हातात घेऊन तशीच उभी होती. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, मंग आता मी काय लिहू?"

 मी म्हटलं, दोन्ही लिही. आईचं आईच्या शब्दांत, आजोबांचं आजोबांच्या.

तिनं क्षणभर विचार केला. "आधी कोनाचं लिहू?"

हा प्रश्न तोवर मला कोणत्याही वर्गात कोणी विचारला नव्हता, आणि पुढे मी प्रत्येक उन्हाळ्यात तो मुलांना विचारत आले. तेव्हा मात्र मी एवढंच म्हटलं, की ते तूच ठरव. तिनं पुष्कळ दिवस घेतले. शाळा सुरू झाल्यावर एकदा मधल्या सुट्टीत तिनं कागद आणून दिले. आधी आजोबांचं होतं. मी कारण विचारलं, तर म्हणाली, आईचं आधी लिहिलं की वाचणारा आईच्या बाजूचा होऊन जातो आणि आजोबांचं नीट ऐकतच नाही. आईचं मागून आलं तरी आई पुरून उरते.

वाचनाच्या त्या दिवशी मुख्याध्यापक लेखनाच्या भाषेवर काही बोलतील अशी माझी अटकळ होती. त्यांनी बोलण्याचा विषय वेगळाच काढला. कुलूप लावताना ते म्हणाले, ते गोट्याचं खरं आहे हो, आम्हीही लहानपणी करायचो. मग म्हणाले, पुढच्या वर्षी बाजूचीही खोली घ्या.

गाडीतून ती माणसं घरी गेली. आता सगळं एका दिवसात पालटेल अशी माझी वेडी समजूत होती. पावसाळ्यात मी मुलीला विचारलं, आई कुठून जाते? ती म्हणाली, धुऱ्यांवरूनच. मी जरा हिरमुसले. रोवणा झाला, पोळा झाला, तरी तेच. मग दसऱ्यानंतर एक दिवस ती वर्ग सुटल्यावर थांबली आणि तिनं सांगितलं, की काल आई पाळीवरून घरी आली. आजोबा पाळीच्या टोकाशी गप्पा मारत बसले होते. त्यांनी तिला येताना पाहिलं आणि विचारलं, धान निसवला का? लोंब्या बाहेर पडल्या का, असा त्याचा अर्थ. ती म्हणाली, निसवला. आणि घरी गेली. मी विचारलं, आणखी कोणी काही बोललं नाही? मुलगी म्हणाली, नाही.

पुढच्या मे महिन्यात ती वर्गाला ओल्या केसांनी येऊ लागली. आई तिला पोहायला शिकवत होती. भोपळा मिळाला नाही म्हणून तेलाचा रिकामा डबा कमरेला बांधायची. तलावात तेव्हा पाणी कमी असतं, तरी शिकण्यापुरतं होतं. सुरुवातीला काठावर बघ्यांची गर्दी व्हायची, मग लोकांना त्याचीही सवय झाली. त्या उन्हाळ्यात तिच्या गावच्या आणखी तीन मुली लेखनवर्गाला आल्या. त्यांपैकी दोघी पोहायलाही शिकत होत्या. लिहायला जास्त आल्या होत्या की गप्पांना, हे मी विचारलं नाही.

असे पाच-सहा उन्हाळे मी ते वर्ग घेतले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर यजमानांची बदली झाली आणि आम्ही मोहाडी सोडली. त्याआधी बाजाराच्या दिवशी मला त्या मुलीची आई भेटली. ती भाजी घेऊन एसटीची वाट बघत झाडाखाली उभी होती. मुलगी तोवर भंडाऱ्याला कॉलेजात जात होती. आजोबा वारले होते. मी जाणार असल्याचं तिला कळलं होतं. आम्ही इकडचं तिकडचं बोललो, आणि मग इतकी वर्षं मनात असलेलं मी विचारून टाकलं. यंदा म्हणाले होते की नव्हते?

ती रस्त्याकडे बघत राहिली.

"आता मलेही पक्कं आठवत नाही, बाई," ती म्हणाली. "म्हणलं असन त्यायनं. पन मले तं ऐकू आलं नव्हतं."

 मग तिलाच मला काही विचारायचं होतं. माझ्या माहेरी नदी आहे असं मुलीनं तिला सांगितलं होतं. ती नदी केवढी, उन्हाळ्यात पाणी राहतं का, बाया कुठल्या घाटावर जातात, पाण्याला ओढ कशी आहे, असं ती एकेक विचारत गेली. प्रवरेच्या पाण्याला ओढ कशी आहे हे मला सांगता येईना. मी म्हटलं, माहेरी गेले की पाहीन. ती म्हणाली, पाहून कळत नाही, त्यात उतरावं लागतं. एसटी येईपर्यंत ती मला, पहिल्यांदा पाण्यात उतरताना काय करायचं आणि काय नाही, ते समजावून सांगत होती.